सोफा आधी हलवा, सबवूफर नंतर

गेल्या अंकात बोलता बोलता सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या डब्याचा, विषय निघाला होता, आणि त्यावर एवढे मेसेज आले की या वेळी सगळी जागा त्यालाच देऊन टाकली. दिवाळीचा बोनस हातात पडला की निम्मं इंदूर महारानी रोडला जातं असं दिसतंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतलेत. नावं गाळलीत, कारण दोघांनी स्वतःच कळवलंय की डब्याची खरी किंमत घरी माहीत नाही.

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही सुदामानगरला राहतो. हॉल १४ बाय १० फूट, उंची पण १० फूट. टीव्ही छोट्या भिंतीवर, बरोबर सात फुटांवर सोफा, सोफ्याच्या मागे डायनिंग टेबल आणि पार मागच्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार. ५.१ चा सेट घेतला, म्हणजे पाच स्पीकर आणि सोबत दहा इंची सबवूफर, तो टीव्हीच्या शेजारी कोपऱ्यात बसवलाय. पण सोफ्यावर बसलं की बेसच नाही, पोकळ वाटतं, आणि तिकडे बायको दारातून ओरडते की डबे वाजताहेत, कमी करा. मी वाढवतो, ती कमी करते. दुकानदार म्हणाला दहा इंचाचं कामच नाही, बारा इंची घ्या. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका काका. तुमच्या दुखण्याचं कारण तुमच्याच पत्रात आलंय, ते म्हणजे "बरोबर सात फूट".

एक परात घ्या, अर्धी पाण्यानं भरा आणि हळूहळू हिंदकळवा. काठाशी पाणी वर-खाली उड्या मारतं, आणि मधोमध? तिथं पातळी जवळजवळ हलतच नाही. तुमच्या हॉलमध्ये हेच चाललंय. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झची, सेकंदाला ४० कंपनांच्या सुराची, एक लाट साडेआठ मीटर, २८ फूट लांब. तुमचा हॉल १४ फूट, त्यात बरोबर अर्धी लाट बसते, मग ती पुढच्या आणि मागच्या भिंतीवर आपटून जागेवरच हिंदकळत राहते. भिंतींपाशी दाब भरपूर, मधोमध शून्याच्या जवळ. तुम्ही बसलाय मधोमध, वहिनी उभ्या आहेत मागच्या भिंतीपाशी. म्हणजे भांडणात दोघंही खरंच बोलताय, हे वहिनींना जरूर वाचून दाखवा.

आता यात बारा इंची आणला तर काय होणार? परात तीच, मधली जागा तीच. तुम्ही बसलाय तिथं खड्डा तसाच आणि डबे मात्र जास्त वाजणार. इक्वलायझरनं, म्हणजे एकेक सूर कमी-जास्त करायच्या सोयीनं, पण हा खड्डा बुजत नाही, ४० हर्ट्झला १० डेसिबल चढवायचे म्हणजे अँप्लिफायरला तिथं दहापट ताकद लावावी लागते आणि ती सगळी त्या खड्ड्यात जाते. इक्वलायझर कामाचा आहे तो उंचवटे छाटायला. आणि तसा एक उंचवटा तुमच्याकडे असणारच, कारण रुंदी १० आणि उंची पण १०, दोन्हींची अर्धी लाट ५६ हर्ट्झच्या आसपास येते, एकावर एक. एखाद्या गाण्यात एकच सूर भोंग्यासारखा घुमत असेल तर तो हाच. दारं-खिडक्या उघड्या असल्या की हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण हिशोब हाच.

म्हणून आधी सोफा. लोक सबवूफर उचलून घरभर नाचवतात आणि सोफा जागचा हलवत नाहीत, पण तुम्ही खड्ड्यात बसलात तर सब कुठंही ठेवला तरी त्या सुराचं फारसं भलं होत नाही. तुमच्या हॉलमध्ये ८० हर्ट्झचे पण दोन खड्डे आहेत, साडेतीन आणि साडेदहा फुटांवर, तेव्हा डोकं साधारण पाच फुटांवर किंवा नऊ फुटांवर येईल असं बसा. पाच फूट टीव्हीला फार जवळ होईल, तर नऊ करा आणि डायनिंग टेबल भिंतीला आडवं लावा. एकदम मागच्या भिंतीला टेकून पण बसू नका, तिथं सगळंच घुमेल. दोन फूट, काका, फक्त दोन फुटांचा प्रश्न आहे, आणि तो फुकट सुटतो.

सोफा ठरला की मग सबची जागा. त्याची जुनी युक्ती अशी की सब उचलून सोफ्यावरच ठेवायचा, जिथं तुम्ही बसता तिथं, शक्यतो कानाच्या उंचीला, खाली एखादं भक्कम स्टूल दिलं तरी चालेल. मग ज्यात बेसचे सूर खाली-वर सरकत जातात असं एखादं गाणं लावून द्यायचं, एकसारखं फिरत राहील असं, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेनं रांगायचं. कान सबच्या उंचीला. जिथं सगळे सूर सारखे ऐकू येतील, एखादा घुमणार नाही आणि एखादा गायब होणार नाही, तिथं खडूनं खूण करायची. सब त्या खुणेवर ठेवला की सोफ्यावर तसंच ऐकू येतं, कारण बोलणारा आणि ऐकणारा यांची जागा बदलली तरी मधला रस्ता तोच राहतो.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दुपारची वेळ होती, मी सोफ्यामागे गुडघ्यांवर, एक कान भिंतीला, आणि दार उघडं. दूधवाला आला, बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भिया, कुछ गुम गया क्या?" त्याला काय सांगणार. पण खूण सापडली ती चपलांच्या रॅकपाशी, कोपऱ्यापासून दीड-दोन फूट सरकून, जिथं मी कधीच ठेवला नसता. तिथून दोन फूट डावीकडे गेलो की तबल्याच्या डग्ग्याची घुमक नुसती "भम्म" व्हायची आणि इकडे आलो की डग्ग्यावरची मींड वेगळी, थाप वेगळी ऐकू यायची. पाच मीटरची आरसीए वायर, अँप्लिफायरपासून सबपर्यंत जाणारी, आणावी लागली आणि चपला आता बाहेर ओटल्यावर असतात.

कोपऱ्याबद्दल एवढंच की तिथं सब जोरात वाजतो, पण खोलीतले सगळे घुमारे एकदम जागे होतात. दुकानदाराला कोपरा आवडतो, कारण डेमोत दणका बसतो.

जागा पक्की झाली की अँप्लिफायरबरोबर (यालाच रिसीव्हर म्हणतात) आलेला छोटा माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन करा, म्हणजे मशीन स्वतःच खोली मोजून आवाज जुळवतं. माइक कानाच्या उंचीला, पंखा बंद, कूलर बंद, कुकर पण बंद. नंतर मेनूत सबचं अंतर बघून दचकू नका, टेपनं आठ फूट असेल आणि मशीन चौदा दाखवेल. ते चुकलेलं नसतं, सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला जो थोडा उशीर होतो तो मशीन फुटात मोजून दाखवतं. राहू द्या तसंच.

प्रश्न: माझे पुढचे स्पीकर टॉवर आहेत, चांगले साडेतीन फुटी, प्रत्येकात दोन वूफर. कॅलिब्रेशन केल्यावर रिसीव्हर त्यांना 'स्मॉल' म्हणतो. एवढे पैसे घालून स्मॉल? मी ते 'लार्ज' करून टाकलं. शिवाय सबच्या मागे पण एक क्रॉसओव्हरचं (कितीच्या खालचे सूर सबकडे जायचे ते ठरवणारं) बटण आहे, ते ८० वर ठेवलंय आणि मेनूत पण ८०. बरोबर आहे ना? (तिलकनगर)

उत्तर: दोन्ही चूक, पण सगळेच करतात.

स्मॉल हा शब्दच वाईट निवडलाय हो, त्याचा आकाराशी काही संबंध नाही. स्मॉल म्हणजे "या स्पीकरला खालचे सूर देऊ नका, ते सबकडे पाठवा", एवढंच. तुमच्या टॉवरला ते ओझं कमी झालं की मधले सूर, माणसाचा आवाज, जास्त मोकळा निघतो, आणि रिसीव्हरच्या अँप्लिफायरचा पण घाम वाचतो. तेव्हा स्मॉल, ८० हर्ट्झ, आणि मानापमान विसरा. ८० च का, तर साधारण त्याच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे सब चपलांच्या रॅकपाशी असला तरी बेस पडद्यातूनच येतोय असं वाटतं. क्रॉसओव्हर १२० किंवा १५० वर नेला की पुरुषाच्या बोलण्याचा खालचा भाग सबमधून यायला लागतो आणि मग संवाद टीव्हीत आणि खर्ज कोपऱ्यात. छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर नाइलाज असतो, तेव्हा सब पुढच्या स्पीकरच्या जवळ ठेवायचा.

दुसरी चूक मागच्या बटणाची. मेनूत एकदा गाळलेला आवाज सबमध्ये परत गाळला जातोय, म्हणजे एकाच चहाला दोन गाळणी, आणि ८० च्या आसपासचे सूर मधल्यामध्ये पातळ होतात. रिसीव्हर असेल तर सबचं बटण पार टोकाला फिरवा, किंवा एलएफई (खास खालच्या आवाजांचा ट्रॅक) असं लिहिलेलं भोक असेल तर वायर त्यात घाला, तिथं सबची चाळणी बहुतेक वेळा बाजूलाच ठेवलेली असते. सबचा व्हॉल्यूम साधारण अर्ध्यावर ठेवून कॅलिब्रेशन करा, पुढची कमी-जास्त रिसीव्हरवरून.

मेनूत एलएफई लो-पास म्हणून अजून एक ओळ असते, १२० हर्ट्झवर. ती वेगळी. ५.१ मधला जो ".१" आहे, स्फोट-बिस्फोटांचा खास ट्रॅक, तो १२० पर्यंत जातो म्हणून ती. तिला हात लावू नका. आणि 'एलएफई प्लस मेन' किंवा 'डबल बेस' असा पर्याय दिसला तर मोह आवरा, तेच सूर दोन ठिकाणांहून यायला लागले की कुठं बेरीज होते, कुठं वजाबाकी.

फेजचं बटण राहिलं. शून्य आणि १८०. एकानं सोफ्यावर बसायचं, गाणं चालू, दुसऱ्यानं बटण इकडे-तिकडे करायचं, ज्या बाजूला बेस भरलेला वाटेल ती बाजू. दोन मिनिटांचं काम आहे, यावर लोक वाद घालत बसतात.

प्रश्न: सब चालू केला की गाणं नसताना पण "हूंऽऽ" असा आवाज येतो. दुकानातून बदलून आणला, दुसरा पण तसाच. इलेक्ट्रिशियन म्हणतो प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, लगेच बंद होईल. (देवास)

उत्तर: पिन काढू नका. आवाज बंद होईल हे खरं आहे आणि एखाद्या दिवशी धातूच्या पॅनेलमध्ये करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जमिनीत जाईल, हे पण खरं आहे. त्या भल्या माणसाला पोहे खाऊ घाला आणि घरी पाठवा.

आधी हे करा. सबमधून आरसीए वायर उपसा, पण सब चालू ठेवा. हूं चालूच राहिला तर सबमध्येच काहीतरी गडबड आहे. थांबला तर तो बाहेरून येतोय, आणि तुम्ही दोन सब बदलून आणलेत तेव्हा मला तर हेच वाटतंय. आता वायर परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढा. आवाज गेला? मग चोर सापडला. केबलची वायर कुठल्यातरी खांबावरून आपली वेगळी जमीन घेऊन येते, तुमच्या बोर्डाची जमीन वेगळी, दोन्हींत थोडा फरक पडतो आणि आपल्या विजेचे ५० हर्ट्झ त्या फरकावर स्वार होऊन थेट सबमध्ये शिरतात. सब तर खालच्या सुरांसाठीच बनलाय, तो आनंदानं वाजवतो. यावर केबलच्या लाइनीत किंवा आरसीएच्या लाइनीत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो. पण त्याआधी टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, सब सगळं एकाच बोर्डावर घेऊन बघा, निम्म्या घरांत एवढ्यानंच भागतं.

घरची अर्थिंग पण तपासून घ्या. आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा गेला की जमिनीशी संपर्क ढिला पडतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत जा. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून हे काम घरातल्या मुलाकडे असायचं, आता मुलाला खड्डा कुठं आहे तेच माहीत नाही.

प्रश्न: आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली एक वयस्कर जोडपं राहतं. त्यांची तक्रार येते. भिंतीला फोम लावला तर थांबेल का? सबखाली पॅड ठेवतात तो घेऊ का?

उत्तर: फोमनं नाही थांबणार. ४० हर्ट्झच्या लाटेचा चौथा भाग सुद्धा सात फूट होतो, तिथं दोन इंची फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. पॅडनं थोडा फरक पडेल, सबचं खोकं फरशीला जे थेट हादरे देतं ते कमी होतील, त्यांच्याकडचा कपबशांचा खणखणाट थांबेल, पण हवेतून जाणारा घुमारा जातोच.

नियम बघायचा तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, वस्तीच्या भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. पण तो आकडा ज्या मापानं मोजतात त्यात ५० हर्ट्झच्या आवाजाचे जवळजवळ ३० डेसिबल वजाच धरतात, त्यामुळे मीटर गप्प बसेल आणि खालच्या काकूंची झोप तरीही उडेल. मीटरच्या भरवशावर भांडायला जाऊ नका. दहानंतर रिसीव्हरमध्ये मोठे आवाज दाबणारा नाइट मोड लावा आणि सब सहा डेसिबल खाली घ्या. एकदा त्यांच्या घरी चहाला जा आणि वर मुलाला चालू करायला सांगा, म्हणजे त्यांना काय ऐकू येतं ते तुम्हालाच कळेल. मी गेलो होतो. परत आल्यावर स्वतःच कमी केला.

प्रश्न: वय ७१. माझ्याकडे जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर, ऐकतो फक्त शास्त्रीय. नातू म्हणतो आजोबा सबवूफर घ्या. मला ते धडाम-धुडूम नकोय. शास्त्रीयला त्याचा काय उपयोग? आणि माझ्या मशीनला सबचं भोकच नाही. (रामबाग)

उत्तर: आजोबा, नातवाचं ऐका, फक्त त्याला बटणाला हात लावू देऊ नका.

पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज धरला तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला येते. छोटे बुकशेल्फ स्पीकर नेमके तिथंच धापा टाकायला लागतात. तुम्हाला खर्ज ऐकू येतो असं वाटतं, पण बऱ्याचदा ती वरच्या स्वनांवरून कानानं केलेली भरपाई असते. खाली खरा आधार आला की तंबोरा खोलीत ठेवल्यासारखा वाटतो. आपल्या इंदूरच्याच अमीर खाँसाहेबांची विलंबित बंदिश लावा, मंद्र सप्तकात रेंगाळणारी, आणि सब चालू-बंद करून बघा. चालू असताना वेगळं काही ऐकू येणार नाही, बंद केल्यावर मात्र कुणीतरी सतरंजी ओढून घेतल्यासारखं वाटेल. तेवढाच ठेवायचा.

भोक नसलं तरी अडत नाही. पुष्कळ सबना स्पीकरच्या वायरी घ्यायची टर्मिनल असतात, त्याला हाय लेव्हल इनपुट म्हणतात. तुमच्या अँप्लिफायरच्या स्पीकरच्या स्क्रूंमधूनच दुसरी वायर काढून सबला द्यायची, तुमचे स्पीकर आहेत तसेच राहतात, आणि सब त्या वायरीतून जवळजवळ काही ओढत नाही. जोडताना सगळं बंद, लाल लालला, काळी काळीला. घेताना मागचं पॅनेल फिरवून बघा, ही टर्मिनल नसतील तर तो डबा तुमच्या कामाचा नाही. इथं मात्र सबच्या मागचं बटण वापरायचं, टोकाला फिरवायचं नाही. ५० पासून सुरू करा, ६०-६५ पर्यंत चढवत न्या, घुमायला लागलं की मागे. आणि शास्त्रीयलाच घ्यायचा तर बंद खोक्याचा घ्या, पोर्टवाला, म्हणजे खोक्याला हवेचं भोक असलेला, त्याच आकारात जोरात वाजतो पण बंद खोक्यात थाप जास्त लवकर विरते, डग्ग्याला ते बरं. चांगल्या बनावटीचा पोर्टवालाही चालतो म्हणा, पण स्वस्तातल्या पोर्टमधून मोठ्या आवाजाला नुसती हवा फुसफुसते.

काही छोटे प्रश्न.

'१०,००० वॅट पीएमपीओ' लिहिलेला सेट चांगला का? घराच्या १५ अँपिअरच्या प्लगमधून साडेतीन हजार वॅटच्या आसपासच मिळतात, बाकीचे कुठून येणार ते दुकानदारालाच विचारा. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी, किती ते बघा.

एक मोठा की दोन छोटे? खोली मोठी असेल आणि तीन-चार जण बसत असतील तर दोन छोटे, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. एकाचे खड्डे दुसरा थोडेफार भरतो आणि प्रत्येक खुर्चीवर बेस साधारण सारखा येतो. एकट्यासाठी एक पुरे.

सुताराकडून टीव्हीच्या युनिटमध्ये सबसाठी कप्पा करून घेऊ का? नका करू. अख्खं युनिट वाजेल, आणि आवाजाची जागा एकदा फेविकॉलनं चिकटली की रांगणार कुठं?

आई सबवर मनीप्लांटची बाटली ठेवते, चालेल का? ती बाटली पहिल्या मोठ्या स्फोटाला चालत चालत कडेला येईल आणि पाणी मागच्या पॅनेलवर सांडेल. आमच्याकडे बाटली नव्हती, गणपतीच्या नारळाचा कलश होता.